मारव्याच्या दोन चिठ्ठ्या

दाजी कोचरेकरांकडे गाणं ऐकायला जायचं म्हणजे आधी खिशात पेन्सिल आहे ना, ते चाचपून बघावं लागे. तबकडी संपली की 'वाहवा' म्हणायची तिथे सोय नव्हती. दाजी ग्रामोफोनखालच्या खणातून वहीच्या कागदाचे दोन कपटे काढत, एक स्वतः घेत, दुसरा समोरच्याकडे सरकवत आणि म्हणत, "आदी लिवा, मगे बोला." आपापलं मत लिहायचं, चिठ्ठ्यांची अदलाबदल करायची आणि मग हवं तेवढं भांडायचं. आधी तोंड उघडलं तर एकाचं मत दुसऱ्याच्या मतात मिसळतं, असं त्यांचं म्हणणं. "दुदात पानी घातल्यार मगे खंयचा दूद नि खंयचा पानी?" भांडण संपलं की दोन्ही चिठ्ठ्या त्या तबकडीच्या पाकिटात जात.

मी मालवणच्या हायस्कुलात शिक्षक म्हणून आलो तेव्हा छप्पन-सत्तावन साल असेल. घाटावरचा माणूस, मासे खाता येत नाहीत, गावातलं बोलणं निम्मं कळत नाही. संध्याकाळी उगाच रस्ते मोजत फिरायचो. असाच मेढा भागातून जाताना एका खिडकीतून मारवा ऐकू आला आणि मी कुंपणाच्या बेड्यापाशी, फाटकाशी थबकलो. तबकडी संपल्यावर एक किडकिडीत गृहस्थ बाहेर आले. "उबे कित्याक? आत येवा."

आत ग्रामोफोनच्या समोर दोनच खुर्च्या होत्या. मी जवळच्या खुर्चीवर टेकणार तोच ते जवळजवळ ओरडले, "थंय नको! ती अण्णाची." मला वाटलं, अण्णा मागे विहिरीवर गेले असतील, येतील एवढ्यात. मी खिडकीच्या कट्ट्यावर बसलो. अण्णा त्या दिवशी आले नाहीत, त्यानंतरची दोन वर्षंही आले नाहीत आणि मी कट्ट्यावरच राहिलो.

दाजी बंदर कचेरीत कारकून होते. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. तबकड्या मुंबईहून बोटीने येत. पावसाळ्यात बोटी बंद झाल्या की आहेत त्याच ऐकायच्या आणि त्यांच्यावर चढणारी बुरशी मऊ फडक्याने पुसत बसायचं. लोखंडी सुई तबकडी खाते म्हणून ते करवंदीचे काटे वाळवून, तासून वापरत. त्यात अर्धा रविवार जाई. मी एकदा म्हटलं, "दाजी, एवढ्या वेळात चार तबकड्या ऐकून झाल्या असत्या." ते काट्याचं टोक उजेडाकडे धरून म्हणाले, "मास्तरानू, चार आयकान खंय जावचा आसा?" मला कुठेच जायचं नव्हतं. त्यांनाही नव्हतं.

अण्णांची हकीकत मला तुकड्यातुकड्याने समजली. अण्णा धामापूरच्या प्राथमिक शाळेतले निवृत्त शिक्षक. बारा वर्षं दर रविवारी ते दाजींकडे यायचे. मग मुंबईच्या मुलाने त्यांना वेगळा ग्रामोफोन घेऊन दिला. पुढे एका बोटीने दोघांसाठी एकाच खाँसाहेबांची मारव्याची तबकडी आली. (खाँसाहेबांचं नाव सांगत नाही, वाचकांत नसती भांडणं लागायची.) प्रत्येकाने आपल्या घरी ऐकून चिठ्ठी पाठवायची असं ठरलं. दाजींनी लिहिलं, 'निवांत. सूर्य बुडायची वाट बघत बसलेला माणूस.' अण्णांची चिठ्ठी आली, 'घाई केली. होडी चुकेल म्हणून पळणारा माणूस.'

दाजींना ती आपल्या बारा वर्षांच्या ऐकण्याची थट्टा वाटली. त्यांनी उलट टपाली लिहून पाठवलं, 'आणखी दहा वेळा ऐक, मग ये.' अण्णांचं उत्तर आलं नाही. धामापूर चार-पाच कोसांवर, पण दाजीही गेले नाहीत. "माजा काय चुकला? तेणां येवचा," असं ते म्हणत. हे सांगताना मात्र त्यांचा हात त्या रिकाम्या खुर्चीची पाठ पुसत असे. माणूस हट्टी होता यात शंका नाही.

आणि मग मी सावंतवाडीला गेलो. आमच्या शाळेतल्या एका सहकाऱ्याच्या सासुरवाडीला ग्रामोफोन होता आणि तबकड्यांत नेमका तोच मारवा. ऐकता ऐकता मी चपापलो. खाँसाहेबांचा आवाज चढा होता, ताना भराभर पळत होत्या. खरोखर होडी चुकेल म्हणून पळणारा माणूस! मालवणला परतल्यावर आठवडाभर मी दाजींच्या वाटेला गेलो नाही. सांगावं तर त्यांचा निवांत मारवा जातो, न सांगावं तर अण्णा. शेवटी सांगितलं.

दाजींनी ऐकून घेतलं आणि तबकडी चढवली. मी तिच्या कडेखाली कागदाची एक पट्टी अडकवली, हातातलं घड्याळ समोर धरलं आणि पट्टी किती वेळा समोरून जाते ते मोजलं. मिनिटाला अठ्ठ्याहत्तर फेरे व्हायला हवेत. झाले बहात्तर. दाजींनी घड्याळ माझ्या हातातून घेतलं, चावी पुरती भरली आणि स्वतः मोजलं. बहात्तरच. मग त्यांनी वेगाचा स्क्रू फिरवून फिरवून अठ्ठ्याहत्तर फेरे जुळवले आणि आम्ही मारवा पुन्हा ऐकला. त्या दिवशी चिठ्ठ्यांचे कपटे निघाले नाहीत. "अण्णा बरोबर होतो," एवढंच ते म्हणाले. तबकडी पुसून पाकिटात घालता घालता विचारलं, "फुडल्या आयतवारी मोकळे आसात?"

रविवारी आम्ही धामापूरला गेलो. अण्णा ओटीवर बसले होते. दाजींनी वाटभर जे घोकलं असेल ते दारापुढच्या खळ्यातूनच म्हणून टाकलं, "अण्णा, तू बरोबर होतस रे! माजो फोनो हळू चलता." अण्णांचा चेहरा उजळला. ते म्हणाले, "बस बस. च्याय घेतलस?" दाजींनी पुन्हा, मोठ्याने सांगितलं. अण्णा नुसतेच त्यांच्या ओठांकडे बघत हसत राहिले. तेवढ्यात अण्णांच्या पत्नी दारात आल्या. "दाजीनू, तेंका आयकाक येणा नाय. तीन वर्सां झाली."

दाजी तिथेच पायरीवर बसले. मग खिशातून कपटा काढून त्यांनी लिहिलं, 'कळवलं का नाहीस?' अण्णांनी चिठ्ठी डोळ्यांजवळ धरून वाचली. बहिऱ्या माणसाच्या वरच्या पट्टीतल्या आवाजात ते बोलले, आणि आवाजात राग औषधालाही नव्हता. "तो मारवा मी कर्ण्यात कान घालून आयकलंय. तो शेवटचो. मगे तुजी चिठी इली, धा वेळा आयक नि ये. एकदा तरी खंयसून आयकू, दाजी?"

परतीच्या गाडीत दाजी खिडकीकडे तोंड करून बसले होते. मालवण येईपर्यंत मी त्यांच्याकडे पाहिलं नाही.

त्यानंतर दाजी एक रविवार सोडून धामापूरला जाऊ लागले. आठवड्यात ऐकलेल्या तबकड्यांच्या चिठ्ठ्या नेत. अण्णांना त्यातल्या पुष्कळशा तबकड्या पाठ होत्या. ते मनातल्या मनात ऐकून उलट चिठ्ठी लिहीत, आणि ती हटकून दाजींच्या विरुद्ध असे. "बहिरो झालो तरी खोड गेली नाय," दाजी मला कौतुकाने दाखवीत. असे दोन पावसाळे गेले. तिसऱ्या श्रावणात अण्णा वारले. तेराव्यानंतरच्या रविवारी मी गेलो तर दाजी मारव्याचं पाकीट मांडीवर घेऊन बसले होते. तबकडी लावली नव्हती. म्हणाले, "धा वेळा आयक कित्याक लिवलंय मी? 'ये' इतक्याच लिवक होया होता."

थोड्या वेळाने त्यांनी अण्णांच्या खुर्चीकडे बोट केलं. "बसा, मास्तरानू. कट्टो गार आसा." मी बसलो. इतकी वर्षं तिच्यावर डोळा होता, पण त्या दिवशी तिथे फार वेळ बसवेना.

पुढे माझी घाटावर बदली झाली. पत्रं चालू होती, मग नेहमीसारखी विरळ झाली. एका फेब्रुवारीत दाजींचं कार्ड आलं. वर पत्ता, आणि मागे एकच अक्षर, 'या.' मी ते उलटसुलट करून बघितलं. परीक्षा तोंडावर आल्या होत्या, हेडमास्तरांकडे रजा मागायची म्हणजे कटकट होती. 'सुट्टी लागली की मे महिन्यात येतो. प्रकृती कशी आहे, सविस्तर लिहा,' असं उत्तर टाकून मी कामाला लागलो. हे लिहितानाही मला माझी लाज वाटते.

मे महिन्यात मालवणला उतरलो तर दाजींच्या दाराला कुलूप. शेजारच्या काकींनी किल्ली आणून दार उघडलं. ग्रामोफोनवर फडकं घातलेलं होतं आणि समोर दोन्ही खुर्च्या होत्या.

"चैतात गेले," काकी म्हणाल्या. "तुमचा कार्ड इला तेवा शुद्धीवर होते. मीयाच वाचून दाखयला. आयकान हसले. म्हणाले, 'मास्तर धा वेळा आयकतले नि मगे येतले.' काय म्हणाक होया होता तेंका, माका काय समाजला नाय. तुमका समाजला?"

मी मान हलवली. मला समजलं होतं.