दप्तरात राहिलेली चिठ्ठी

तुमच्या मुलाची गाडी आज संध्याकाळी नेहमीच्या जागी आलीच नाही, तर ते तुम्हाला कोण सांगेल? विचार करून उत्तर द्या, आणि त्या माणसाचं नाव घ्या. ‘कोणीतरी सांगेलच’ हे उत्तर मी धरत नाही.

भूतखेत, अंगात येणं, भास... माझा यातल्या कशावरही विश्वास नव्हता, आजही नाही. आमच्या घरी देवघर नव्हतं, पत्र्याची पेटी होती आणि तिच्यात बाबांनी चंद्रपूरच्या सभांमधून आणलेली पत्रकं. बाबा बांबूच्या कूपावर, म्हणजे जंगलातल्या तोडीच्या जागी, मजुरी करायचे. रात्री जेवणं झाली की मी पत्रक मोठ्यानं वाचायचं आणि त्यांनी प्रश्न विचारायचे, असा रिवाज. मी वाचायला शिकले ती या पत्रकांवर. म्हणून पुढचं लिहिताना मला अजून थोडी लाज वाटते.

गोष्ट आठ वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यातली. मी सातवीत होते. आमचं गाव गोंडपिपरीपासून बारा किलोमीटर — नऊ डांबरी रस्त्यावर, आणि फाट्यापासून आत तीन, सगळं जंगल. गावातून तालुक्याच्या शाळेत जाणारी आम्ही पाच मुलं, मी सगळ्यांत मोठी. सकाळी कूपावर जाणाऱ्या माणसांबरोबर फाट्यापर्यंत चालायचो. संध्याकाळची एसटी मात्र गावात येऊन वळायची. त्या गाडीचा खडखडाट मला अजून आवडतो. मागच्या सीटवर पाचही जणं, बोरं खात, बिया खिडकीबाहेर...

त्या महिन्यात नाल्यावरच्या रपट्याचे, म्हणजे ठेंगण्या पुलाचे, पाइप खचले. शनिवारी दुपारी मोठ्या गुरुजींनी, म्हणजे हेडमास्तरांनी, मला बोलावलं आणि चिठ्ठी दिली. सोमवारपासून संध्याकाळची गाडी फाट्यावरच थांबेल, पालकांनी मुलांना न्यायला यावे. “तू हुशार आहेस, चारही घरी दाखव,” म्हणाले. मला फार मोठं झाल्यासारखं वाटलं. चिठ्ठी भूगोलाच्या पुस्तकात ठेवली आणि विसरले. रविवारी मामा आला होता, एवढंच कारण.

सोमवारी गाडी फाट्यावर थांबली तेव्हा दिवस बुडत होता. कंडक्टर म्हणाला, “उतरा रे पोट्टेहो, गाडी आत नाई जात. शाळेत सांगतलं नाई का?”

 आदल्याच आठवड्यात नाल्याजवळ वाघानं बैल मारला होता, हे पाचही जणांना माहीत होतं. आणि गावात कोणालाच काही माहीत नव्हतं — माझ्यामुळे. मी दप्तर छातीशी धरून उतरले.

फाट्यावर माणसं उभी होती. आई होती, कंदील घेऊन. बाबा कुऱ्हाड घेऊन. तळ्यात मासे धरणारे मारोतीभाऊ वाघ हुसकायला वाजवायचा डबा घेऊन, त्यांची दोन्ही पोरं आमच्यातली. चारही घरचं कोणी ना कोणी आलेलं.

मी रडत रडत चिठ्ठी काढली आणि विसरले म्हणाले. आई चिडली.

“आता कायले नाटक करते? तूच तं सांगून गेली.”

आईचं म्हणणं असं. दुपारी ती चुलीपाशी होती. मी दारात आले, उंबरठ्याच्या बाहेरच उभी राहिले. एक रिबीन सुटलेली, बोटांना खडू. म्हणाले, गाडी फाट्यावरच थांबेल, न्यायला या. आईला वाटलं, शाळेनंच निरोप सांगायला कोणाच्या सायकलवर पाठवलं असेल, परत जाऊन मी बाकीच्यांबरोबर गाडीनंच येईन. “मी म्हटलं आत ये, पाणी पी. तं म्हणे येळ नाई, अजून तीन घरं रायली. चिठ्ठी दप्तरातच रायली आई, म्हणून सांगाले आली.”

हे शेवटचं वाक्य मला अजून झोपेतून उठवतं. चिठ्ठी दप्तरात राहिली हे मला स्वतःला कंडक्टर बोलला तेव्हा कळलं.

 गावात पोचल्यावर बाबांनी चारही घरी वेगवेगळं जाऊन विचारलं. प्रत्येकानं मलाच पाहिलं होतं, तीच सुटलेली रिबीन. मारोतीभाऊंनी नुकतंच मनगटी घड्याळ घेतलं होतं आणि न विचारता टाइम सांगायची त्यांना सवय लागली होती. “चार वाजून पाच मिनिटं,” ते म्हणाले. “पाहूनच सांगतो.” त्यांची बायको म्हणाली, देवीच पोरीचं रूप घेऊन आली. बाबा म्हणाले, “देवीले येवढी काळजी असती बाई, तं रपटाच बांधला असता.”

दुसऱ्या दिवशी बाबा मजुरी बुडवून माझ्याबरोबर शाळेत आले. चार वाजता मी कुठे होते? भूगोलाच्या तासाला, फळ्यापाशी. पूर्ण वर्गासमोर नकाशा काढत होते. वैनगंगा काढताना खडू मोडला, मुलं हसली, मी मान झटकली आणि रिबीन सुटली. हजेरी होती, गुरुजी होते, चाळीस मुलं होती.

मोठे गुरुजी म्हणाले, “मी शनिवारीच चिठ्ठी दिली होती.”

“पोरीच्या हाती देल्ली गुरुजी,” बाबा म्हणाले. “आमच्या हाती नाई.”

 गुरुजी म्हणाले, “रपटा खचलेला तुम्हीही रोज पाहत होतात. गाडीचं काय होणार, हे विचारायला एकजण तरी आलात?”

बाबांनी माझ्या हातातली चिठ्ठी घेऊन स्वतःच्या खिशात ठेवली.  तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की मोठ्या माणसांना जबाबदारी ठेवायला सगळ्यांत सोपी जागा म्हणजे लहान पोराचा हात.

त्या दिवशी ठरलं ते असं. गाडी बदलली तर निरोप मास्तर स्वतः आणतील, पालक सही करतील. रपटा होईपर्यंत एक मास्तर गाडीत फाट्यापर्यंत, आणि फाट्यावर दोन घरची माणसं, पाळीपाळीनं. तो हिवाळा माझ्या आयुष्यातला सगळ्यांत सुंदर हिवाळा. गाडीतून उतरलं की शेकोटी पेटलेली, तिच्यात भाजलेल्या तुरीच्या शेंगा. मारोतीभाऊ गाडी किती मिनिटं लेट ते सांगत. मोठ्या गुरुजींची पाळी असली की तेही उतरून शेंगा खात आणि परतीच्या बसची वाट बघत बाबांशी भांडत. मग डबा वाजवत, मोठ्यानं बोलत सगळे तीन किलोमीटर चालत घरी. उन्हाळ्यात रपटा झाला, गाडी परत गावात आली, आणि आम्हा पाचही जणांना थोडं वाईटच वाटलं.

चिठ्ठी त्या पत्र्याच्या पेटीत आहे. मागच्या महिन्यात बाबांना पुन्हा विचारलं. “मले नाई समजलं,” म्हणाले, “अन् खोटं उत्तर देऊन मी तुले गप्प नाई करणार.” मीही तुम्हाला करत नाही. त्या दुपारी चार घरांच्या दारात कोण उभं होतं, मला माहीत नाही.

एवढं माहीत आहे की ती प्रत्येक दारी येत नाही. म्हणून उद्या तुमच्या मुलाच्या शाळेत जा. निरोप पाठवू नका, स्वतः जा. गाडी बदलली तर मला कोण सांगणार, ते विचारा, आणि मग त्यांनाही सांगा — त्या दिवशी फाट्यावर मी उभा असेन, मी उभी असेन.