आवक रजिस्टरमधली पावती

ते प्रकरण गुन्हा म्हणून कुठंच नोंदलेलं नाही, तरी नोकरीतलं तेच मला सगळ्यात जास्त आठवतं.

मी नांदेडच्या एका ठाण्यात फौजदार होतो. लोहा गावची, शिवणकाम करणारी एक बाई तक्रार अर्ज घेऊन आली. तिनं साड्यांच्या पिको-फॉलची मशीन आमच्या हद्दीतल्या एका दुकानात दुरुस्तीला दिली होती; दुकानदार आता म्हणत होता, मशीन आलीच नाही. अर्जाला त्याच्याच हातची पावती जोडलेली होती.

दुकानदार माझ्या ओळखीचा. ठाण्यातले पंखे फुकट दुरुस्त करायचा. त्याला बोलावलं. "बघू तरी साहेब पावती," म्हणाला. मी दिली. त्यानं ती वाचली, खिशात घातली आणि चहा मागवला. मी बघत होतो. बोललो नाही.

बाईला समजपत्र दिलं, म्हणजे कोर्टात दाद मागा असं लेखी उत्तर. "हे दिवाणी आहे. पोलिसांचं काम नाही."

"जाते की वर. माझी पावती द्या."

"पावती नव्हती अर्जासोबत."

"साहेब, तुमच्या हातात दिली की हो मी!"

वकील न लावता तिनं ग्राहक आयोगात तक्रार दाखल केली. दरम्यान एका हवालदारानं माझ्या कानावर घातलं, "मशीन अहमदपूरला हाय. दुकानदाराच्या साडूची बायको चालवून राहिली." तेही मी पोटात ठेवलं.

आयोगानं मला साक्षीला बोलावलं. तिनंच विचारलं, "पावती होती का न्हाई?"

"आठवत नाही."

तिनं पिशवीतून आमच्या आवक रजिस्टरची प्रत काढली. माहितीच्या अधिकारात घेतलेली. आमच्या आवक-जावकच्या हवालदाराला सगळंच लिहायची खोड. 'माशी बसली तर तीही नोंदव,' असं आम्ही त्याला चिडवायचो. त्यानं लिहिलं होतं: सोबत मूळ पावती एक, कोपरा फाटलेला.

दुकानदाराचा वकील उठला. म्हणाला, ही नोंद मागाहून घुसडलेली आहे. म्हणजे आता नोंद लिहिणाऱ्या हवालदाराच्या नोकरीवर आलं. मग मी बोललो. पावती कुणाच्या खिशात गेली, मशीन कुठं आहे, सगळं.

मशीन परत देण्याचा आदेश झाला. माझी खात्यांतर्गत चौकशी लागली, वेतनवाढ थांबली. त्याचं वाईट वाटलं नाही.

बाहेर मी तिला म्हणालो, "मिळेल आता मशीन."

"मिळंल. पर दोन लग्नसराई गेल्या, साहेब. माझं गिऱ्हाईक दुसरीकडं लागलं. ते कोण आणून देणार?"

रजिस्टरची प्रत पिशवीत घालून ती बसस्थानकाकडं निघाली.

ओळखीचे म्हणतात, शेवटी तुम्ही खरं बोललात. चौकशीच्या खोलीत मी शेकडो माणसं बघितली. कागद समोर ठेवला की बहुतेक जण बोलतात. त्याला आम्ही कबुली म्हणायचो, प्रामाणिकपणा कधी म्हटलं नाही. माझ्या बोलण्यालाही तेवढंच म्हणावं.