फायलीतलं माझं वय

“ये फाईल नहीं चलेगी,” मॅडम ऋचाला म्हणाल्या. “मेथड दोबारा लिखो, वरना साइन नहीं करूँगी.”

सही नाही तर परीक्षा नाही, आणि परीक्षा दुसऱ्या दिवशी.

मी दिल्लीतल्या एका कॉलेजच्या सायकॉलॉजी लॅबमध्ये अटेंडंट. आमच्याकडे आरशात बघून चांदणी गिरवायचा प्रयोग असतो. हात भलतीकडेच जातो. ज्याच्यावर प्रयोग करायचा तो सब्जेक्ट. खरं तर मुलींनी मैत्रीण आणायची, पण मैत्रिणींना मेट्रो गाठायची असते. मग “आंटी, बस दो मिनट.” आंटी म्हणजे मी.

रिपोर्टची रचना सोपी आहे. काय विचारलं, कसं केलं, काय मिळालं, त्याचा अर्थ काय. ‘कसं केलं’ म्हणजे मेथड. ती सीनियरच्या फायलीतून उतरवायची असते. त्यामुळे गेली बावीस वर्षं मी वीस वर्षांची आहे आणि बी.ए. करते आहे. खोली दरवर्षी शांत असते. भिंतीपलीकडे कँटीनचा मिक्सर चालतो, पण त्याला मेथडमध्ये जागा नाही.

ऋचा मयूर विहारची, माझ्याशी मराठीत बोलणारी. तिने लिहिलं होतं : वय पन्नास, शिक्षण चौथी, मिक्सर चालू, सब्जेक्ट दोनदा हसली.

“मावशी, मी खोटं लिहू का?”

“लिही. पास तर हो,” मी म्हणाले.

तिने पान बदललं नाही.

बाहेरच्या परीक्षकांपुढे फायली नेणं माझं काम. बिनसहीची एक मी गठ्ठ्याच्या मधोमध ठेवली. मोठ्याने बोलणं मला जमत नाही. फायली उचलणं जमतं.

परीक्षक नेमके तिथेच थांबले. “इस पर साइन नहीं है?”

“डेटा गलत है, सर,” मॅडम म्हणाल्या. “सब्जेक्ट पचास साल की कैसे होगी?”

“सब्जेक्ट थी कौन?”

माझ्या हातात चहाचा ट्रे होता. “मैं.”

“और बाकी फाइलों में?”

“उनमें भी मैं.”

पलीकडे मिक्सर चालू होता. परीक्षकांनी भिंतीकडे पाहिलं, मग ऋचाच्या फायलीकडे. मॅडमनी पेन शोधून सही केली. ऋचा पास झाली.

मेथडमध्ये जे घडलं तेच लिहायचं, हे त्या दिवशी सगळा वर्ग शिकला. पुढच्या वर्षी प्रत्येक फायलीत सब्जेक्टचं वय पन्नास, शिक्षण चौथी, मिक्सर चालू, दोनदा हसली.

त्या प्रयोगाच्या आठवड्यात मी रजेवर होते. कँटीनही बंद होतं.