पांघरुणातली हजेरी

माझ्या धाकट्या भावाला गल्लीत सगळे डेव्हलपर म्हणतात. ही पदवी त्याला कुठल्या कॉलेजनं दिलेली नाही, फोननं दिली. जुन्या फोनच्या सेटिंगमध्ये अगदी तळाशी बिल्ड नंबर नावाची एक ओळ असते. तिच्यावर सात वेळा टकटक केलं की सेटिंगची एक छुपी यादी उघडते आणि खाली अक्षरं उमटतात, तुम्ही आता डेव्हलपर आहात, म्हणजे ॲप बनवणारे. शहाणा माणूस हे वाचून हसेल आणि फोन खिशात टाकेल. आमच्या ध्यानानं ते मनावर घेतलं. मला कारखान्यात फोन करून त्यानं ती बातमी सांगितली, आवाज असा की जणू परदेशातून बोलावणं आलंय. मी तेव्हा गणवेशांच्या बाह्या कापत होते. बरं बाबा, म्हटलं, आणि कात्री पुन्हा हातात घेतली.

पोटापाण्यासाठी तो पाण्याचे फिल्टर दुरुस्त करतो. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधून दिवसभराची कामं मिळतात, मग स्कूटरला पिशवी अडकवून घरोघर जायचं, गळकी नळी कापायची, तुंबलेली जाळी बदलायची. हात चांगला आहे त्याचा, खोटं कशाला बोलू. पण गळती थांबवली म्हणून कोणी तोंड भरून कौतुक करत नाही, आणि ह्याला कौतुकावाचून घास गिळत नाही. फोनमध्ये बोट घातलं की लोक लगेच म्हणतात, वा, काय डोकं आहे. मग काय, ह्याचं बोट फोनमधून निघेचना.

कोणी नुसतं म्हणायचा अवकाश, माझा फोन फार रखडतो हो. हा हात पुढे करणार. टकटक करून ती छुपी यादी उघडणार, पानं सरकतानाची हालचाल, तिला ॲनिमेशन म्हणतात, ती अर्ध्यावर आणणार आणि कपाळावरचा घाम पुसल्यासारखं करून फोन परत देणार. फोन आतून होता तेवढाच मठ्ठ राहायचा, फक्त पानं झटकन उघडल्यासारखी दिसायची. लोक खूश. वरच्या मजल्यावरच्या शिकवणीच्या बाईंच्या फोनमध्ये मात्र ह्यानं भलतंच बटण दाबलं आणि सगळी पानं उलटी झाली, डावीकडचं उजवीकडे, उजवीकडचं डावीकडे. बाईंना वाटलं आपले डोळे गेले. त्या डॉक्टरकडे जाऊन चष्मा बदलून आल्या. नंतर हा म्हणाला, हात्तिच्या, एक बटण चालू राहिलं होतं वाटतं. बाईंनी नव्या चष्म्यातून बघत त्याचेच आभार मानले. लोकही धन्य आहेत, कुणाला काय म्हणायचं.

एवढ्यावर थांबला असता तर मी आयुष्यभर हसत राहिले असते. पण त्याच यादीत एक ओळ असते, नकली ठिकाण दाखवणारं ॲप निवडा. ती सापडली आणि आमच्या राजेश्रींचं भाग्य उजळलं.

झालं होतं असं की, कंपनीनं हजेरीचं ॲप आणलं. सकाळी नऊला सर्व्हिस सेंटरच्या आवारात उभं राहून 'हजर'चं बटण दाबायचं. फोन आवारात नसेल तर बटण दबतच नाही. ह्याला उठायला साडेनऊ होतात. लहानपणापासून तसंच, अंगावर पाणी ओतलं तरी कूस बदलून झोपायचा. मग ह्यानं काय करावं? फोनला शिकवलं की बाबा रे, तू कायम सर्व्हिस सेंटरातच आहेस. नकाशावरचा निळा ठिपका तिथे नेऊन ठोकला आणि रोज नऊला पांघरुणातून एक हात बाहेर काढून हजेरी लावायला लागला. मला हे त्यानं स्वतः सांगितलं, मान ताठ करून. मी म्हटलं, जेवढं डोकं ह्यात घातलंस त्याच्या अर्ध्यात गजर लावून उठला असतास. तो म्हणाला, ताई, तुला टेक्निकल कळत नाही.

आमचे बाबा त्याच्याकडे राहतात. दवाखान्यात कंपाउंडर होते, शेकडो बाटल्या नुसत्या वासावरून ओळखायचे. आता सकाळी घेतलेली गोळी घेतली की नाही हे दुपारी आठवत नाही. साखरेचा आजार आहे, वेळेवर खाल्लं नाही तर हातपाय गार पडून घाम सुटतो. रोज सकाळी ते पाय मोकळे करायला कोपऱ्यापर्यंत जायचे आणि परत यायचे. हल्ली मधेच रस्ता चुकायला लागले. एकदा कोणीतरी हाताला धरून आणून सोडलं, तेव्हा मी भावाला बजावलं की त्यांच्या गळ्यात एक फोन अडकव, म्हणजे कुठे आहेत ते आपल्याला दिसेल. त्यानं नुकताच नवा फोन घेतला होता आणि हजेरीची करामत त्यातही बसवली होती. जुना त्यानं बाबांना दिला. सगळं पुसून द्यायचं, तर म्हणाला, पुसणं वगैरे अडाण्यांसाठी असतं, मी आतून साफ केलाय. बाबांना शिकवलं, की हरवल्यासारखं वाटलं तर हे चित्र दाबा, निळा ठिपका कोणालाही दाखवा आणि मी इथे आहे असं मुलाला कळवा म्हणून सांगा. बाबांनी दोनदा दाबून दाखवलं. मला त्या दिवशी त्याचं कौतुक वाटलं होतं, आणि आता त्या कौतुकाची लाज वाटते.

त्याच आठवड्यात बाबा हरवले. भावजय सकाळी लवकर कामावर जाते, घरात हाच, तोही अंथरुणात. अकरा वाजले तरी बाबा नाहीत म्हणून त्यानं मला फोन केला. मी कारखान्यातून तशीच निघाले. येईपर्यंत वाटेत बाबांना फोन लावत होते. आधी नुसता वाजला, मग बंद लागायला लागला. घरी पोचले तर हा पलंगावर नवा फोन घेऊन बसलेला, तोंड पांढरंफटक. मी विचारलं, ठिपका कुठे दाखवतोय? म्हणाला, सर्व्हिस सेंटरला. मी म्हटलं, मग बसलायस काय, चल. तो हलेना. शेवटी हळूच म्हणाला, ताई, तो ठिपका खोटा आहे. जुन्या फोनमधलं ते काढायचं राहिलं.

माझा हात उठला होता, खरंच सांगते. पण मारायला वेळ नव्हता. बाबांच्या पोटात सकाळपासून चहाखेरीज काही नव्हतं.

मग आम्ही ती एक जागा सोडून सगळीकडे शोधलं. कोपऱ्यावरचं न्हाव्याचं दुकान, बाग, जुना दवाखाना, दोन इस्पितळांचे अपघात विभाग, पोलीस चौकी. चौकीत हवालदारानं सरळ विचारलं, फोन आहे ना गळ्यात, ठिकाण बघा की. मी भावाकडे बघितलं. तो बुटांकडे बघत होता. नेटवर्क नाही म्हणाला. माझ्या अंगाचा तिळपापड झाला, पण चारचौघात घरची लक्तरं कुठे काढायची म्हणून गप्प राहिले.

आणि ह्या सगळ्यात त्याचा फोन सारखा वाजत होता. वाजला की हा बघायचा आणि कापायचा. मी विचारलं कोण आहे, तर म्हणाला साहेब. म्हणजे सर्व्हिस सेंटरचे मॅनेजर. आज हजेरी लागली आणि माणूस कामावर नाही हे कळलं असणार, आता झाडतील, नंतर बघू. पुन्हा वाजला, पुन्हा कापला. उन्हात उभं राहून बापाला शोधतोय आणि भीती कुणाची, तर साहेबाची. दुपार कलायला लागली तेव्हा इस्पितळाच्या दारात तो पुन्हा वाजला, आणि मी त्याच्या हातातून हिसकावून कानाला लावला.

मॅनेजर म्हणाले, "अहो, किती वेळा फोन करायचा? तुमचे वडील केव्हाचे इथे आमच्या बाकावर बसलेत."

मला रडू फुटलं. भर रस्त्यात, लोक बघत असताना. झालं होतं ते असं. बाबा रस्ता चुकले, त्यांनी शिकवल्याप्रमाणे चित्र दाबलं आणि एका औषधाच्या दुकानात ठिपका दाखवला, पुढचं सांगायचं मात्र विसरले. दुकानदारानं बघितलं, ठिपका तर शहराच्या दुसऱ्या टोकाला. त्याला वाटलं, म्हाताऱ्याला तिकडेच जायचं असणार, मुलांनी खूण करून ठेवली असेल. भल्या माणसानं रिक्षात बसवून रिक्षावाल्याला तीच जागा दाखवली. वाटेत फोन वाजत होता तो उचलायचा कसा हे बाबांना आठवलं नाही. तिथे पोचून त्यांनी मुलाचं नाव सांगितलं, तोवर फोनची बॅटरी संपली होती. नंबर त्यांना एकही आठवेना. मॅनेजर बिचारे त्या एकाच नंबरावर फोन करत बसले आणि आमचा हिरो कापत बसला.

स्कूटरवर मागे बसून मी डोळे पुसत होते तर पुढून हा काय म्हणतो? म्हणतो, बघ ताई, ते सेटिंग नसतं तर बाबा कुठल्या कुठे गेले असते, शेवटी माझ्यामुळेच नीट पोचले. चालत्या गाडीवरून उडी मारावी असं वाटलं मला.

बाबा बाकावर बसले होते, हातात बिस्किटाचा पुडा. कोणीतरी खायला घातलं होतं, वेळेवर पाणी दिलं होतं. मला बघून म्हणाले, आलात का, चला. जणू आम्हालाच उशीर झाला होता. मी त्यांचे हात चोळले, गार नव्हते. तिथेच सगळं संपलं असतं तर बरं झालं असतं.

पण मॅनेजर टेबलामागून उठून आले. आवाज न चढवता त्यांनी भावाला विचारलं की आज नऊची हजेरी इथून लागलीय, मी नऊला ह्याच दारात उभा होतो, तुम्ही कुठे होतात? ह्यानं पापणी न हलवता सांगितलं की आलो होतो साहेब, लगेच कामावर निघालो. आणि बाबा, भाबडेपणानं, मधेच बोलले.

"अरे नाही, तू झोपला होतास. मी बाहेर पडलो तेव्हा पांघरुणातून फोन दाबत होतास की."

मग माझा भाऊ हसला. ते हसू मी विसरणार नाही. मॅनेजरांच्या जवळ सरकून, समजूतदार आवाजात, बाबांना ऐकू जाईल असं तो म्हणाला, "साहेब, त्यांचं मनावर घेऊ नका. डोकं जागेवर नाही त्यांचं. बघताय ना, स्वतःचं घर सापडत नाही."

बाबांनी त्याच्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मग पुडा नीट घडी घालून बंद केला आणि म्हणाले, असेल बाबा, माझ्या काही लक्षात राहत नाही हल्ली.

मॅनेजर माझ्याकडे वळले. काही विचारलं नाही, नुसते बघत राहिले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. मी म्हटलं, "माझ्या वडिलांचं डोकं जागेवर आहे. त्यांनी सांगितलं ते अक्षरन् अक्षर खरं आहे." आणि मग पांघरूण, ठिपका, छुपी यादी, सगळं घडाघडा सांगून टाकलं. भाऊ ताई, ताई करत राहिला. मॅनेजरांनी त्याच्याकडून हत्यारांची पिशवी आणि ओळखपत्र ठेवून घेतलं आणि उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं. माझ्या मनाला जे समाधान झालं ते सांगता सोय नाही.

बाबांना मी रिक्षातून माझ्या घरी न्यायला निघाले. तो मागे स्कूटरजवळ उभा होता, मी वळून बघितलं नाही. वाटभर मी बोलत होते. कसला मुलगा, जन्मदात्याला वेडा ठरवतो, बरी अद्दल घडली, असला करंटा मी बघितला नाही. बाबा बाहेर बघत होते. मला वाटलं, त्यांना ह्यातलं काही कळलेलंच नाही, आणि एका अर्थी बरंच आहे.

सिग्नलला रिक्षा थांबली तेव्हा त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"कशाला बोललीस, पोरी?" ते म्हणाले. "मी म्हटलं होतं ना, माझ्या लक्षात राहत नाही म्हणून. मिटत आलं होतं."

मी म्हटलं, पण बाबा, तुम्हाला सगळं आठवत होतं.

"आठवत होतं म्हणूनच म्हटलं," बाबा म्हणाले. सिग्नल सुटला, आणि घर येईपर्यंत त्यांनी माझ्या गुडघ्यावरचा हात काढून घेतला होता.