लेकीचा पहिला शब्द

माझी लेक पाच वर्षांची झाली तरी बोलत नव्हती, म्हणून आम्ही नागपुरात खोली घेतली. ही सत्तरच्या दशकातली गोष्ट. तोवर आम्ही सावनेरकडे कोळशाच्या खाणीच्या कॉलनीत राहत होतो. तिचे वडील खाणीत हजेरीचं काम बघायचे. त्यांना नोकरी सोडता येण्यासारखं नव्हतं, म्हणून ते तिथेच राहिले आणि मी लेकीला घेऊन लकडगंजात आले. एका लाकडाच्या टालामागे, म्हणजे वखारीमागे, दोन खोल्या मिळाल्या. हे रविवारी सकाळच्या बसने यायचे आणि संध्याकाळी परत जायचे. मधले दिवस आम्ही दोघीच.

लेक हाकेला वळून पाहायची नाही, पण पलीकडच्या खोलीत बिस्किटाच्या पुड्याचा कागद वाजला की धावत यायची. म्हणजे कान चांगले होते. कुणी अचानक हात लावला, भांडं पडलं, रोजचा रस्ता बदलला, की जमिनीवर आडवी होऊन ओरडायची आणि स्वतःच्या मनगटाला चावायची. टालावरची लाकूड कापायची आरामशीन सुरू झाली की मात्र शांत व्हायची. इतका कर्कश आवाज, आणि तिला त्यात झोप लागायची. सुताराच्या रंध्यातून लाकडाच्या पातळ, गुंडाळलेल्या साली निघतात, त्या ती मुठीत धरून बसायची. एकेक साल डोळ्याशी नेऊन तिच्यातून उजेडाकडे बघायची. तासन्‌तास.

सुरुवातीला शेजारच्या बाया यायच्या. एकीनं एकदा जवळ बसून विचारलं, "काहून चावते वं हे स्वतःले?" का चावते, ते मलाही ठाऊक नव्हतं. हळूहळू त्यांचं येणं कमी झालं. भांडण कुणाशीच झालं नाही. विहारात वंदनेला जायचे तिथेही तेच. लेक मध्येच किंचाळायची, सगळ्यांचं लक्ष मोडायचं. एका म्हाताऱ्या बाईनं मायेनंच सांगितलं, पोरीला त्रास होतो, तर तू घरीच बसत जा. मी घरी बसायला लागले. नंतर कुणी विचारायला आलं नाही.

डॉक्टर पुष्कळ झाले. एकाच्या गोळ्यांनी ती दिवसभर पेंगत राहायची. मुक्या-बहिऱ्या मुलांच्या शाळेत नेलं तर त्यांनी तपासून सांगितलं, हिला ऐकू येतं, ही आमच्याकडची नाही. शेवटी शहराच्या दुसऱ्या टोकाला एक मानसतज्ज्ञ आहेत असं कळलं. ते परदेशातून शिकून आले होते. त्यांनी लेकीला बराच वेळ पाहिलं आणि एक इंग्रजी शब्द सांगितला, ऑटिझम. मराठीत काय म्हणतात असं मी विचारलं, तर म्हणाले, मराठीत ह्याला शब्द नाही. गोळ्यांचा उपयोग नाही, वागणं शिकवावं लागेल, असंही म्हणाले. मला फार बरं वाटलं. आजाराला नाव होतं, आणि उपाय माहीत असलेला माणूस समोर बसला होता.

माझ्या वडिलांनी धम्म घेतला तेव्हा मी शाळेत होते. त्यांनी हट्टानं मला मॅट्रिक केलं. शिकलेल्या माणसाचं ऐकायचं, हे आमच्या घरात देवासारखं होतं, कारण देव आता नव्हताच. त्यामुळे डॉक्टर सांगत गेले आणि मी करत गेले.

लेकीला सकाळपासून काही खायला न देता न्यायचं. ते तिच्यासमोर बिस्किट धरायचे आणि तोंडातून आवाज निघेपर्यंत द्यायचे नाहीत. ती ओरडली किंवा मनगट चावायला गेली, की मांडीवर जोरात चापट. त्यानंही थांबली नाही तर बाजूच्या अंधाऱ्या खोलीत एकटी. मी बाहेरच्या बाकावर बसायची. आतून सगळं ऐकू यायचं. आई आत असली की मूल शिकत नाही, असं त्यांनी सांगितलं होतं.

आणि ती शिकली. एक दिवस दार उघडून त्यांनी मला आत बोलावलं, बिस्किट धरलं, आणि माझी लेक म्हणाली, "दे."

त्या रविवारी हे आले तेव्हा मी आधी त्यांच्या हातात बिस्किट दिलं. तिनं "दे" म्हटल्यावर हे तिच्यासमोर मांडी घालून बसले. मग पुडा संपेपर्यंत तिच्याकडून तेवढंच म्हणवून घेत राहिले. डोळे पुसायचे आणि पुन्हा बिस्किट पुढे करायचे. परत जाताना खाणीतल्या मित्रांसाठी पेढे घेऊन गेले.

नंतरच्या आठवड्यात माझ्या लक्षात यायला लागलं. अंगावर पाणी जरा गरम पडलं, ती म्हणाली, "दे." गल्लीतलं कुत्रं भुंकत आलं, माझ्यामागे लपून म्हणाली, "दे, दे." शेजारच्या पोरानं केस ओढले, तेव्हाही तेच. हातात काही नाही, समोर खायचं काही नाही. मी स्वतःला समजावत होते की शब्द आला आहे, अर्थ पुढे येईल.

मग एका सकाळी आम्ही सायकलरिक्षानं डॉक्टरांकडे निघालो. त्यांच्या गल्लीच्या तोंडाशी रिक्षा वळली, आणि ती माझ्या पदरात तोंड खुपसून एकसारखी म्हणायला लागली, "दे, दे, दे, दे." मी रिक्षावाल्याला म्हटलं, "परत फिरव, भाऊ."

तो म्हणाला, "काहून? दवाखाना तं समोरच आहे, बाई."

"घरी चाल."

रविवारी मी ह्यांना सांगितलं की आता तिकडे जाणार नाही. त्यांना वाटलं, काही अपमान झाला असेल. मी कुत्र्याचं सांगितलं, पाण्याचं सांगितलं, रिक्षातलं सांगितलं. ते सगळं ऐकून घेऊन हळू आवाजात म्हणाले, "पोरगी बोलून राहिली होती. तूच बंद केलं."

"ती बोलून नाही राहिली. ती 'मारू नका' म्हणून राहिली."

"त्या डॉक्टरपेक्षा तुले जास्त समजते?"

मला जास्त समजत नव्हतं. मला फक्त तेवढं एक समजलं होतं. ते जेवले, लेकीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि दुपारच्याच बसने गेले. पुढचे काही रविवार आले नाहीत. कामाचं कारण कळवलं.

तो उन्हाळा मला आठवतो. दारं लावून घेतलेली, पंख्याची घरघर, आणि लेक खिडकीला लावलेल्या ओल्या वाळ्याच्या ताटीला गाल लावून बसलेली. टाल दुपारी बंद असायचा. दिवसभरात माझ्या तोंडून जे काही शब्द निघायचे ते मीच ऐकायचे. "चल, जेव." "उठ, पाय धू." कधी कधी मी मुद्दाम टालावर भुसा आणायला जायची. शेगडीला भुसा लागायचाच, पण तिथला मुनीम "आज फार ऊन आहे" एवढं तरी म्हणायचा, आणि मी "हो, फार आहे" म्हणायची. "दे" हा शब्द हळूहळू लेकीच्या तोंडून गेला. तो गेला तेव्हा मला आनंद झाला की भीती वाटली, हे मला आजही नीट सांगता येणार नाही.

पावसाळ्याच्या तोंडावर तिचा कान दुखायला लागला, म्हणून एका सरकारी दवाखान्यात गेले. रांग मोठी होती. लेक बाकाखाली शिरून मुठीतली साल बघत बसली होती. एक सुती साडी नेसलेली बाई जाता जाता थांबली आणि सरळ जमिनीवर बसली. तिनं लेकीला हात लावला नाही, नाव विचारलं नाही. बराच वेळ नुसती बसली. मग तिथूनच मला विचारलं, "हिला आणखी काय काय आवडतं?"

इतक्या डॉक्टरांनी मला विचारलं होतं, हिला काय येत नाही. काय आवडतं, हे कुणीच विचारलं नव्हतं. मी सांगायला लागले ते माझा नंबर पुकारला तरी सांगतच राहिले.

ती कॉलेजात मानसशास्त्र शिकवायची आणि आठवड्यातून एखाद्या सकाळी दवाखान्यात मुलांना बघायला यायची. पुढच्या खेपेला मी तिला त्या डॉक्टरांविषयी सगळं सांगितलं आणि विचारलं की मी उपाय मध्येच सोडला, ते चुकलं का. तिनं त्यांना नावं ठेवली नाहीत. म्हणाली, "मूळ तत्त्व मीही तेच वापरणार आहे. मुलानं एखादी गोष्ट केली की लगेच त्याच्या आवडीचं काही मिळालं पाहिजे. पण उपाशी ठेवायचं नाही आणि मारायचं नाही. आणि पहिल्यांदा आपण तिला 'नको' शिकवू."

"नको?"

"तिला नको म्हणता येत नाही, म्हणून ती चावते."

तिनं मला रीत दाखवली. मी तळहात पुढे धरायचा. लेकीला काही नको असलं की तिचा हात धरून माझा तळहात हलकेच ढकलायला लावायचा, आणि त्याच क्षणी ती गोष्ट थांबवायची. वेणी घालणं असो, भात भरवणं असो. तिनं आपणहून ढकललं की वर एक लाकडाची साल द्यायची. मला हे उलटंच वाटलं. पोरीला हो म्हणायला शिकवायचं सोडून नको शिकवायचं, आणि वर बक्षीस. पण ह्या वेळी मी खोलीत होते, शिकवणारी मीच होते, आणि लेक रडत नव्हती.

पावसाळा त्यात गेला. अर्धी वेणी सोडून दिलेली मुलगी घेऊन मी बाजारात फिरले. मग एक दिवस मी आंघोळ घालत असताना तिनं माझा रिकामा हात धरून वर केला आणि स्वतःच ढकलला. मी पाण्याचा तांब्या खाली ठेवला. ती माझ्याकडे बघत राहिली. त्यानंतर मनगटावरच्या जखमा सुकायला लागल्या.

मग चप्पल. बाईंनी सांगितलं, सगळं तुम्ही करा, शेवटी अंगठा तेवढा तिला आत सरकवू द्या. ते जमलं की त्याच्या आधीची पायरी तिच्यावर सोडा. अशीच चड्डी, असाच फ्रॉक, असाच पेला. मध्ये गोवर निघाला आणि आलेलं निम्मं गेलं, ते पुन्हा पहिल्यापासून. हे सगळं घरात, दारामागे चालायचं. कुणाला सांगण्यासारखं त्यात काही नव्हतं. सहा-सात वर्षांच्या मुलीनं चप्पल घातली, ही काय बातमी झाली?

हे पुन्हा येऊ लागले होते, पण दुपारच्याच बसने परतायचे. ते नुसते बघायचे. एकदा मी वेणी घालताना लेकीनं माझा हात ढकलला आणि मी थांबले, तेव्हा ते म्हणाले, "अशानं पोरगी डोक्यावर बसन." पण त्या दिवशी ते संध्याकाळपर्यंत थांबले.

दीडेक वर्षांनी बाईंच्या यजमानांची बदली झाली आणि त्या गेल्या. जाताना मला म्हणाल्या की आता तुम्हाला माझी गरज नाही. त्यांनी ते मनापासून म्हटलं होतं, आणि कामापुरतं ते खरंही होतं. पण ती एकच बाई होती जिला मी आठवडाभरातलं सगळं सांगत असे.

त्या गेल्यानंतरच्या हिवाळ्यातली गोष्ट. मी भाजी निवडत होते. लेक आली, तिनं माझं बोट धरून मला खिडकीपाशी ओढत नेलं. मला वाटलं, काहीतरी हवं असेल. बाहेर टालात ओंडक्यांचा ढीग होता आणि त्याच्या अगदी टोकावर एक बकरी उभी होती. लेकीनं हात पुढे केला. बोट नीट सरळ झालं नव्हतं, पण ते बोट होतं. तिनं बकरीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग पुन्हा बकरीकडे. तिला काही नको होतं आणि काही हवंही नव्हतं. तिला ती मला दाखवायची होती, एवढंच.

मी म्हटलं, "हो गं, बकरी." आणि मग मला कुणालातरी सांगायचं होतं. दारापर्यंत गेले. शेजारीण ओट्यावर बसली होती. ती मान वर करून हसली, मीही हसले आणि आत आले. तिला काय सांगणार? पोरीनं बकरी दाखवली?

रविवारी ह्यांना सांगितलं. ते म्हणाले, "मग? बोलली काही?" मी म्हटलं, नाही. ते उठून खिडकीशी गेले. "कुठं आहे बकरी?" मी म्हटलं, ती तर मंगळवारी होती. तरी ते बराच वेळ तिथे उभे राहिले, आणि लेक त्यांच्याजवळ जाऊन उभी राहिली.

शब्द तिला पुढेही फारसे आले नाहीत. "पाणी" आला, "चल" आला. स्वतःचं सगळं ती स्वतः करते, आणि ज्याला तिचा हात कळतो त्याच्याशी भांडतेसुद्धा.

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी शहरात अशा मुलांसाठी एक छोटा वर्ग निघाला. लेक तोवर मोठी झाली होती, पण कुणीतरी सांगितलं म्हणून मी तिला घेऊन बघायला गेले. व्हरांड्यात पाच-सहा तरुण आया डबे उघडून बसल्या होत्या आणि सगळ्या एकदम बोलत होत्या. कुणाचा मुलगा काल रात्रभर झोपला नव्हता, कुणाच्या मुलीनं पहिल्यांदा पेला धरला होता. त्या बातमीला बाकीच्या खरोखर हसल्या, खूश झाल्या. मला बघून त्यांनी सरकून जागा केली. एकीनं माझ्या हातावर पोळीचा तुकडा ठेवत विचारलं, "तुमची कशी शिकली, काकू?"

मी बसले. सांगायला पुष्कळ होतं. पण इतक्या वर्षांत ह्या गोष्टी कुणाशी बोलायची सवयच राहिली नव्हती, आणि कुठून सुरुवात करावी ते मला कळेना.