शून्य वाचकांची पानं

आमच्या ऑफिसात त्यांना सगळे नोंदताई म्हणायचे. आमचं सॉफ्टवेअर कसं चालतं आणि अडलं तर काय करायचं, हे लिहून ठेवणं त्यांचं काम. खिडकीजवळचं टेबल, चष्म्याला दोरी आणि तोंडी एकच प्रश्न, "बरं, मग पुढे काय होतं?" आम्ही प्रोग्रामर लोक वैतागायचो. अहो ताई, चालतंय ना, मग झालं की! पण पूर्ण उत्तर घेतल्याशिवाय त्या तिथून हलायच्या नाहीत.

पुढचं सांगायची मला लाज वाटते. तरी सांगतो.

गेल्या वर्षी साहेब मला म्हणाले, "या नोंदींसाठी चांगलं टूल तू निवड." झालं, आमची स्वारी हवेत! तीन कंपन्यांचे डेमो बघितले. एकात हवं ते पान पटकन सापडायचं, दुसऱ्यात आकृत्या काढता यायच्या. मी भाळलो तिसऱ्यावर, कारण कुठलं पान किती जणांनी उघडलं याचे ते रंगीत आलेख दाखवायचं. ज्या बाईंना त्यात दिवसभर काम करायचं होतं, त्यांना मी एका शब्दाने विचारलं नाही.

तीन महिन्यांनी आलेख साहेबांपुढे ठेवला. ताईंच्या दोनशे पानांपैकी एकशे सत्तर पानांवर वाचक शून्य.

"कोणी वाचतच नाही हो," मी बोलून गेलो. "कशाला हा पसारा?"

साहेबांनी मान डोलावली. महिनाअखेरीस ताईंना घरी बसवलं, आणि त्या गेल्यावर ती पानं मी स्वतः पुसली. का घरी बसवलं, ते त्यांना कोणी सांगितलं नाही. मीही नाही. त्यांच्या निरोपाला टाळ्या मात्र मोठ्याने वाजवल्या, निर्लज्जासारख्या.

दोन आठवड्यांनी, मंगळवारी सकाळी अकराला, दवाखान्यांचे फोन सुरू झाले. आमच्या सॉफ्टवेअरवर त्यांचे पेशंट नंबर लावतात. सगळीकडे पडदा पांढरा. आम्ही सर्व्हर बंद करायचो, चालू करायचो, पुन्हा पांढरा. साहेब मागे उभे. शेवटी तोंड लपवत जिन्यात गेलो आणि ताईंना फोन लावला.

"पांढरा पडदा ना? अरे, चालू केल्यावर चार मिनिटं हात लावायचा नाही. तुम्ही मधेच पुन्हा बंद करत असणार. पान आहे की त्याचं, उघड ना."

"ते काढून टाकलं, ताई."

"का रे?"

"कोणी उघडत नव्हतं."

त्या म्हणाल्या, "कसं उघडणार? तुम्ही उठून माझ्या टेबलाशी यायचात. तू तर दिवसातून चारदा."

खरंच होतं. पांढऱ्या पडद्याचंच मी निदान दहा वेळा विचारलं असेल. त्या पान उघडून, त्यातलं वाचून मला सांगायच्या, आणि टूल पान लिहिणाऱ्याला वाचकांत मोजत नाही. ते शून्य माझ्या आळसाचं होतं, आणि मी ते त्यांच्या नावावर खपवलं होतं. मेल्याहून मेल्यासारखं झालं. माफी मागायला तोंड उघडलं, तर त्या म्हणाल्या, "आधी लिहून घे. पेशंट ताटकळले असतील." मी जिन्यातच बसून लिहून घेतलं. चार मिनिटं थांबलो, सगळं सुरू झालं. माफी राहूनच गेली.

दुपारी ते पान नव्याने तयार केलं. लेखकाच्या चौकटीत ताईंचं नाव टाकलं. असं कोणी यादीत नाही, म्हणालं टूल, आणि आपणहून माझं नाव भरलं.

आज त्या पानावर एकतीस वाचक आहेत. परवा मीटिंगमध्ये साहेब म्हणाले, "बघा, याला म्हणतात लिहिणं!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

मी थँक्यू म्हणालो.