टाचणीताईंचा एकच प्रश्न

पडदा वर जातो आणि समोर दिसतो विद्यापीठाचा एक रुंद जिना. त्या जिन्याखाली एक खोली. छत तिरकं उतरत गेलेलं, त्यामुळे उंच मुलांना आत शिरताना मान वाकवावी लागते, आणि तास सुटला की डोक्यावरून शेकडो पाय धडधडत जातात. एक टेबल, एक फोन, तीन खुर्च्या, त्यांतली एक लंगडी. मागची अख्खी भिंत व्यापून सूचनाफलक. आता प्रवेश होतो एका बाईंचा. वय पन्नाशीच्या पुढे, चष्मा कपाळावर, ओठांत चार टाचण्या धरलेल्या. ओठांत टाचण्या आहेत तोवरच त्या गप्प असतात. तेवढं दृश्य मन भरून पाहून घ्यावं, कारण ते फार वेळ टिकत नाही.

या आमच्या टाचणीताई. खोलीच्या दारावर पाटी आहे ‘विद्यार्थी संधी कक्ष’. सुट्टीत कुठे संशोधनाला हात लावता येईल, कुठे सेवेचं काम आहे, कुठल्या कचेरीत इंटर्नशिप आहे, ते सगळं मुलांना इथे कळायचं. मी ताईंच्या घराच्या वरच्या मजल्यावर राहते. रंगभूमी सोडल्यापासून सकाळ रिकामी असते, म्हणून विद्यापीठाच्या वाचनालयात वर्तमानपत्र वाचायचं आणि मग ताईंच्या लंगड्या खुर्चीत येऊन बसायचं, असा माझा क्रम. तिथे रोज नवा प्रयोग, आणि तोही फुकट!

ताईंची एक रीत होती. कुठूनही सूचना आली, कागद कितीही गुळगुळीत असला, तरी तो थेट फलकावर लागत नसे. आधी त्या तिथे फोन लावत आणि एकच प्रश्न विचारत, “आमचं मूल पहिल्या दिवशी नेमकं काय करणार?”

उत्तर आलं की ते सूचनेखाली हिरव्या पेन्सिलीने लिहीत. ‘संग्रहालय. पहिला दिवस: धूळ पुसणे. दुसरा दिवस: तीच धूळ.’ ‘रुग्णालयात वयस्कर रुग्णांना वाचून दाखवणे. पहिला दिवस: त्यांचे चष्मे शोधणे.’ मुलं आधी खालची हिरवी ओळ वाचत, मग वरची छापील सूचना.

एकदा एका मोठ्या कंपनीतला माणूस फोनवर म्हणाला, “आम्ही त्यांना अनुभव देऊ.”

“कसला?”

“म्हणजे... एकूणच.”

“एकूणच अनुभव आमच्या मुलांना घरी मिळतो हो,” ताई म्हणाल्या आणि तो कागद उलटा करून त्यावर किराणा मालाची यादी केली.

विभागाचे साहेब वैतागत. “ताई, फलक अर्धा रिकामा दिसतो. शेजारच्या विद्यापीठाचा बघा, कसा गच्च भरलाय!”

“साहेब, फलक भरायचाय की मुलं कामाला लावायचीत?”

ही रीत आली कुठून, हे मी एकदा विचारलं. ताई पूर्वी परीक्षा विभागात टंकलेखिका होत्या, नवरा बसचालक. एकुलत्या एका मुलाने हॉटेलात तीन महिने इंटर्नशिप केली. तीन महिने तो दार उघडत आणि मिटत होता. प्रमाणपत्रावर लिहून आलं, ‘व्यवस्थापनाचा उत्तम अनुभव.’ ताई म्हणाल्या, “मावशी, मी त्याला घरी दार उघडायला सांगितलं तर म्हणतो, आई, सुट्टीवर आहे मी.” हसल्या, पण डोळे हसले नाहीत. त्याच महिन्यात त्यांनी या खोलीसाठी अर्ज केला. कुणालाच नको होती ती खोली. यांना लगेच मिळाली.

तर त्या उन्हाळ्याच्या तोंडावर एक सूचना आली, आणि ती वाचून ताई खुर्चीतून उभ्याच राहिल्या. शहराबाहेर सांडपाण्यावर संशोधन करणारी एक संस्था आहे. आठ आठवडे, जागा फक्त एक. फोन लावला. तिथले सर म्हणाले, “पहिल्या दिवशी? पाण्यावर तरंगणारी रोपं असतात, मसुराच्या डाळीएवढी पानं. ती मोजायची. दुसऱ्या दिवशीही मोजायची. कंटाळवाणं आहे, आधीच सांगतो.”

ताईंनी फोन ठेवला, आणि त्या क्षणी त्यांच्या चेहऱ्यावर जो उजेड पडला, तसा पाडायला आमच्याकडे नाटकात दोन माणसं लागत.

“मावशी, लाँड्रीवाल्याची मुलगी!”

ही मुलगी दुसऱ्या वर्षाला होती. वडिलांची लाँड्री, मागे गटार, गटारात ती तरंगती रोपं. साबणाचं पाणी सोडलं की रोपं मरतात, मग काही दिवसांनी पुन्हा येतात, हे तिच्या लक्षात आलं. तिने खिडकीत तेवीस बरण्या मांडल्या, प्रत्येकीत वेगवेगळं साबणपाणी, आणि रोज पानं मोजून लाँड्रीच्या जुन्या पावत्यांच्या पाठीवर लिहू लागली. कुणी सांगितलं नव्हतं, गुण मिळणार नव्हते. आईला वाटे, पोरीला लोणच्याच्या बरण्यांचा नाद लागला. पोरगी हुशार, पण बोलायची अशी की समोरच्याने कान तिच्या तोंडाशी न्यावा. मुलाखत बुधवारी, उमेदवार सहा, सगळे ताईंच्याच फलकावरून गेलेले.

ताई शुक्रवारी तिला घेऊन माझ्या घरी आल्या. “मावशी, इतकी वर्षं शेवटच्या रांगेला ऐकू जाईल असं बोललात. हिला तेवढं शिकवा. पहिल्या रांगेला ऐकू गेलं तरी चालेल.”

मला काय, लगाम सुटलेल्या घोड्यासारखं झालं! चार दिवस पोरीला मी उभं केलं. श्वास पोटातून. प्रवेश करताना दारात एक क्षण थांबायचं. बरण्यांची सगळी हकिगत मी चार मिनिटांच्या भाषणात बसवली, कुठे आवाज चढवायचा, कुठे हात पुढे करायचा, सगळं बांधून दिलं. आणि पोरगी अशी खुलली म्हणता! आरशातही मावेना. मी तिला आमच्या धंद्यातला पहिला नियमही शिकवला. “प्रेक्षागृहात कुणी खोकलं, खुर्ची पडली, मूल रडलं, काहीही झालं तरी थांबायचं नाही. वाक्य पुरं करायचं.”

“काहीही झालं तरी, आजी?”

“काहीही.”

बुधवारी ती गेली. गुरुवारी सकाळी मी पेढे घ्यायच्या बेतात खोलीवर पोहोचले, तर ताईंच्या कानाला फोन. पलीकडच्या सरांचा आवाज मला लंगड्या खुर्चीपर्यंत ऐकू येत होता.

“तुमची विद्यार्थिनी बोलते छान. फारच छान. दारात थांबली तेव्हा आम्हाला वाटलं चक्कर आली. मग जी सुरू झाली... मी मध्ये विचारलं, बरण्यांवर झाकण होतं का? ती बोलतच राहिली. आमच्या सहकारी बाईंनी विचारलं, पाणी गरम होतं का? तिने हात पुढे केला आणि म्हणाली, ‘आणि मग ती पानं मरू लागली!’ आमचा शिपाई दचकून चहा सांडून बसला. ताई, आम्हाला वाटतं हे कुणीतरी लिहून दिलंय. प्रयोगही कुणाचा दुसऱ्याचाच असावा. आम्हाला ऐकणारं माणूस हवंय. नाव आज चारपर्यंत ठरेल, तिचं नसेल. तुम्हाला कळवावं म्हटलं.”

ताईंनी माझ्याकडे पाहिलं. त्यांनी काही म्हटलं नाही, आणि यावेळी ओठांत टाचण्याही नव्हत्या. मग त्या फोनमध्ये म्हणाल्या, “सर, चूक पोरीची नाही. माझी आहे, आणि माझ्या शेजारी एक बसल्यात त्यांची. भाषण यांनी लिहिलं, बरण्या पोरीच्या आहेत. तुम्ही मला सांगितलं होतं, पहिल्या दिवशी पानं मोजायची. मग मोजायला लावा ना. बोलायला कशाला लावता?”

“म्हणजे तिची मुलाखत परत?”

मी मान जोरात हलवत होते, हो म्हणा, हो म्हणा! आणि ताईंनी काय म्हणावं?

“तिच्या एकटीची नाही. साही जणांची. एकीला दुसरी संधी आणि पाचांना नाही, असं माझ्या फलकावर चालत नाही.”

मग सर म्हणाले, “उद्या दहा वाजता. सहा ताटल्या मांडतो.”

फोन ठेवल्यावर मी ताईंवर घसरलेच. “अगं, हातातोंडाशी आलेलं तू पाचांपुढे वाढून ठेवलंस? त्यांतला एखादा सरस निघाला तर?”

“तर त्याला मिळेल,” ताई म्हणाल्या आणि लाँड्रीत फोन लावायला लागल्या. पण नंबर लावताना त्यांचं बोट दोनदा चुकलं, ते मी पाहिलं.

शुक्रवारी आम्ही तिघी दोन बस बदलून गेलो. पोरगी रडून रडून डोळे सुजवून आलेली, काखेत पावत्यांचा गठ्ठा. “आजी, तुम्हीच म्हणालात थांबायचं नाही.”

“म्हणाले गं बाई. आज सगळं विसर. आज जशी आहेस तशी राहा.”

“तेच तर मी आधी म्हणत होते,” ती इतकं हळू म्हणाली की मला दोनदा विचारावं लागलं.

प्रयोगशाळेचं दार काचेचं होतं, त्यामुळे बाकावरून आम्हाला सगळं दिसत होतं. लांब टेबल, सहा पांढऱ्या ताटल्या, प्रत्येकीत थोडं पाणी आणि हिरवी पानं. सगळ्या ताटल्यांत पानं सारखीच मोजून घातलेली, हे सरांनी आम्हाला बाहेर सांगितलं. मोजा आणि कागदावर लिहा, एवढंच काम. सात मिनिटांत एक मुलगा उठला. दहाव्या मिनिटापर्यंत पाचही जण मोकळे. आमची मात्र ताटलीवर वाकलेली. पंधरा मिनिटं. वीस. तिने सुई मागितली. एकेक पान सुईने उचलून खाली पाहायला लागली.

“काय करतेय ही?” मी म्हटलं.

“मला काय विचारता? मला साधं लोणच्याच्या बरणीचं झाकण लागत नाही,” ताई म्हणाल्या. हातातल्या रुमालाची त्यांनी वात करून टाकली होती.

सव्विसाव्या मिनिटाला तिने कागद दिला. सरांनी वाचला, भुवया उंचावल्या, आणि दार उघडं होतं म्हणून पुढचं आम्हाला ऐकू आलं.

“बाकीच्यांनी लिहिलंय अडतीस. एकाने चाळीस. तू लिहिलंस, अडतीस आणि पाच. हे पाच कुठले?”

पोरगी काहीतरी पुटपुटली. सर वाकले. त्यांच्या बाई वाकल्या. मागे उभे असलेले दोन संशोधकही वाकले. शेवटी ते पाचही विद्यार्थी टेबलाभोवती वाकून उभे. इतकी वर्षं मी आवाज फेकत आले, पण प्रेक्षकांना असं जागेवरून उठवून जवळ आणणं मला कधी जमलं नव्हतं!

“ही बाळपानं, आईच्या पोटाखाली आहेत,” ती सुईने दाखवत होती. “तीन उद्या सुटतील, दोन परवा. आज लिहून ठेवली नाहीत तर उद्या वाटेल, एका रात्रीत आली. मग साबणाने वाढली की आधीच होती, ते कळत नाही. मी पहिले वीस दिवस तसंच चुकले होते.”

“आणि एकूण किती दिवस मोजलंस?”

“एकशे बारा. मधले चार नाहीत. मला ताप होता.”

“चार दिवसांचे आकडे अंदाजाने भरता आले असते की.”

पोरीने सरांकडे असं पाहिलं, जणू त्यांनी गटारात उडी मारायला सांगितली. “मग ते मोजलेले कसे होतील?”

सर हसले नाहीत. त्यांनी पावत्यांचा गठ्ठा मागितला, आणि उभ्याउभ्या वाचू लागले. मग त्यांच्या बाईंनी अर्धा गठ्ठा घेतला. दोघं एकमेकांना पावत्या दाखवत होते, आणि आमची पोरगी मध्ये उभी राहून दोघांच्याही प्रश्नांना, प्रत्येकाला थांबून, विचार करून, हळू आवाजात उत्तरं देत होती. ताईंनी माझा हात इतका घट्ट धरला की बांगडीचा वळ उठला.

निकाल तीनला फोनवर, असं सांगून त्यांनी सगळ्यांना पाठवलं. अडीचला आम्ही जिन्याखालच्या खोलीत होतो. पोरगी उभी, तिचे वडील इस्त्री टाकून आलेले, साहेबसुद्धा काही काम नसताना दारात. वरून पाय धडधडत होते. तीन वाजून चार मिनिटांनी फोन वाजला. ताईंनी तो तिसऱ्या घंटेपर्यंत वाजू दिला, माझ्याकडून एवढंच शिकल्या असाव्यात.

“हो. हो सर. सोमवारी साडेआठ.” त्यांनी फोन ठेवला आणि पोरीकडे पाहून नुसती मान हलवली.

मग काय वर्णावं! वडिलांनी साहेबांनाच मिठी मारली. पोरगी ओरडली, आणि ती ओरडू शकते हे सगळ्या जिन्याला कळलं. मी टाळ्या वाजवत होते, उभी राहून, लंगडी खुर्ची मागे पडली तरी.

ताई तेवढ्यात फलकाकडे वळल्या होत्या. संस्थेची सूचना काढून घेतली, तिच्या चार टाचण्या ओठांत धरल्या, सहा उमेदवारांची यादी पुढ्यात ओढली आणि वरच्या एका नावावर रेघ मारली. मग टाचण्या काढून टेबलावर ठेवल्या आणि म्हणाल्या, “मावशी, नाचणं झालं असेल तर ती खुर्ची उचला आणि इकडे बसा. पाच जण अजून कामाला लावायचेत. नंबर तुम्ही लावायचे, बोलणार मात्र मी!”